डुबियाच्या टबात दुसरी झुरळं मिसळली असतील तर नको ती काढू नका, हवी ती काढा

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी अरोवाना मासा आहे, त्याच्या खाण्यासाठी डुबिया झुरळांची कॉलनी सांभाळली आहे. मध्यंतरी संख्या कमी वाटली म्हणून एका ओळखीच्याकडून ‘मिक्स साइज’ लॉट आणला आणि त्याच टबात ओतला. आता टबात सहा-सात प्रकारची झुरळं दिसतात. काही पिवळट आणि भयंकर चपळ, काही काळी आखूड पंखांची, काही राखाडी जी काचेवर चढतात, काही तळच्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) चमकदार, आणि मधूनच एखादं पांढरंशुभ्र. रोज संध्याकाळी चिमट्याने नको ती वेचून काढली तरी संपत नाहीत आणि डुबिया मात्र कमी होत चालल्यात. यांचा आपसात संकर होतो का, चाळणीने काम होईल का, आणि काढलेली झुरळं परसातल्या कोंबड्यांना घातली किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली तर चालतील का?

तुमची मेहनत योग्य आहे, दिशा उलटी आहे. तुम्ही नको असलेलं वेचताय. ज्या टबात एखादी जात लपायला ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या (कोंबडीच्या अंड्यांचे असतात त्या) घडीत अंडी चिकटवून ठेवते आणि दुसरी मातीत बुडी मारून बसते, त्या टबातून ‘शेवटचं’ झुरळ निघालं अशी खात्री कधीच देता येत नाही. एक सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी जुना टब साफ करायला जातच नाही. ज्यांच्याबद्दल तिळमात्र शंका नाही अशा मोजक्या डुबिया माद्या बाहेर काढायच्या, त्यांना नव्या टबात बसवायचं, आणि जुना टब सगळाच्या सगळा खाद्य म्हणून संपवायचा. मिरजेत मासे आणि पक्षी पाळणाऱ्यांना मी बऱ्याच वर्षांपासून खाद्यकिडे पुरवतो, आणि मिसळलेली कॉलनी सुधारण्याचा याच्याइतका भरवशाचा मार्ग मला दुसरा दिसलेला नाही.

वेगळं करणं गरजेचं आहे का, हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. टब घराबाहेर शेडमध्ये असेल, मासा सगळं आवडीने खात असेल आणि तुम्ही कोणाला झुरळं विकत किंवा देत नसाल, तर मिसळलेल्या टबाने मोठं नुकसान होत नाही. पण टब फ्लॅटमध्ये असेल तर काचेवर चढणारी जात ठेवणं म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेणं. कोंबड्यांना खाऊ घालणार असाल तर कोकोपीटमधली ती चमकदार जात नकोच. कारण पुढे सांगतो. आणि दुसऱ्याला देणार असाल तर टब स्वच्छ करणं ही तुमची जबाबदारीच आहे. तुमच्याकडे ही भानगड आली ती कोणीतरी न बघता दिलेल्या लॉटमधूनच.

आता आधी मोजणी. सहा-सात प्रकार दिसतात याचा अर्थ सहा-सात जाती आहेत असं नाही. तुमच्या वर्णनावरून मला चार जाती दिसतात, आणि नवख्या माणसाचा गोंधळ नेहमी इथेच होतो, कारण झुरळांत नर-मादी एकमेकांसारखे दिसतीलच असं नाही.

डुबियाचंच बघा. नराला पोटाच्या टोकापर्यंत लांब पंख असतात, अंग सडपातळ. मादी रुंद, चपटी, गडद तपकिरी ते काळी, तिच्या अंगावर फिकट नारिंगी ठिपके-पट्टे आणि खांद्याशी पंखांचे फक्त दोन छोटे तुकडे. दोन्ही चार सेंटिमीटरच्या आसपास. न सांगता दाखवलं तर कोणीही यांना दोन जाती म्हणेल. दुसरी जात रेड रनर, म्हणजे मध्य आशियातल्या तुर्केस्तानचं झुरळ, शेल्फोर्डेला लॅटरॅलिस. तिचा नर तो पिवळट, लांब पंखांचा, वाऱ्यासारखा पळणारा. तिची मादी ती काळी, आखूड पंखांची. तिच्या डोक्यामागच्या ढालीपासून पंखांच्या कडेपर्यंत एक मळकट पांढरी रेघ जाते, ती बघितली की चूक होत नाही. तिची पिल्लं पुढून तांबूस आणि मागून काळपट. म्हणजे तुम्ही मोजलेले तीन ‘प्रकार’ एकाच जातीचे आहेत.

राखाडी, काचेवर चढणारी ती लॉबस्टर, नॉफिटा सिनेरिया. तिच्या ढालीवर गडद रंगाची एक नक्षी असते, नांग्या पसरलेल्या शेवंडीसारखी दिसते, नावही त्यावरूनच पडलं. बोटांत धरलं तर कधीकधी बारीक किर्र आवाज करते. आणि कोकोपीटमधली चमकदार ती बहुतेक सुरिनाम, पिक्नोसेलस सुरिनॅमेन्सिस. प्रौढ झुरळाची ढाल काळी चकचकीत आणि पुढच्या कडेला फिकट पट्टी. पिल्लाचं अंग पुढे चकचकीत आणि पोटाचं मागचं टोक एकदम मंद, खरखरीत. ही सुरिनाम बहुतेकदा विकतच्या झुरळांबरोबर येत नाही. ती कुंडीतल्या मातीबरोबर, कोकोपीटबरोबर, नर्सरीच्या रोपांबरोबर घरात येते.

पांढरंशुभ्र झुरळ ही जात नाही. ते नुकतीच कात टाकलेलं झुरळ आहे. काही तासांत त्याचं कवच कडक होऊन रंग भरतो. त्याला चिमटा लावू नका, त्या वेळी अंग लोण्यासारखं मऊ असतं आणि जरा दाबलं तरी मरतं.

संकराची भीती या चौघांच्या बाबतीत मनातून काढून टाका. चौघी वेगवेगळ्या जीनसमधल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या वेगवेगळ्या गटांतल्या आहेत, त्यांच्यात संकर होत नाही. तुमच्या डुबिया मादीच्या पोटातून येईल ते पिल्लू डुबियाच असेल, मग ती कितीही महिने त्या गर्दीत राहिलेली असो. माझी सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. मात्र हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे मादागास्करची हिसिंग झुरळं किंवा ब्लॅबेरस गटातली मोठी ‘डेथ्स हेड’सारखी झुरळं असतील तर त्यांनी हा दिलासा स्वतःला लावून घेऊ नये. तिथे जवळच्या जाती आपसात जुळतात, आणि संकरित पिल्लं झाली की ती वेगळी काढण्याचा कोणताही उपाय उरत नाही. अशा जाती सुरुवातीपासून वेगळ्या टबात, नाव लिहूनच ठेवाव्यात. आपल्याकडच्या दक्षिण भारतातल्या डॉमिनो झुरळांनाही, म्हणजे काळ्या पंखांवर पांढरे ठिपके असलेल्या थेरियांना, हाच नियम मी लावतो. त्यांच्यात दिसायला सारख्या एकापेक्षा जास्त जाती आहेत.

मग डुबिया कमी का होतायत? त्यांना कोणी खात नाहीये, निदान मुख्य कारण ते नाही. गणित साधं आहे. डुबिया मादी अंडी पोटातच वाढवते आणि जिवंत पिल्लं देते, एका वेळी साधारण २० ते ३०. पण त्या पिल्लाला प्रौढ व्हायला चांगल्या उबेतही चार ते सहा महिने लागतात. रेड रनर त्याआधीच वयात येते आणि अंड्यांच्या कुप्या एकामागून एक टाकत राहते, प्रत्येक कुपीत पंधराच्या आसपास अंडी. त्यात ती चपळ, खाण्यावर पहिली तीच पोचते. डुबिया भित्री, उजेड पडला की जागच्या जागी थिजते. खाणं-पाणी कमी पडलं की टबात कोण टिकणार हे ठरलेलंच. प्रथिनं कमी पडली तर कात टाकणाऱ्या मऊ पिल्लांना कुरतडण्याचा प्रकारही होतो, आणि सगळ्यात संथ जातीला त्याचा फटका जास्त बसतो.

साताऱ्याची थंडी हे आणखी एक कारण. डुबियाला पिल्लं द्यायला २८ ते ३२ अंश ऊब लागते. तापमान विसाच्या खाली गेलं की ती जगते, पण वाढ आणि पिल्लं जवळजवळ थांबतात. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात रात्री पारा बारा-तेरापर्यंत उतरतो, आणि तुमच्या टबाला हीटर नसेल तर कॉलनी तो काळ नुसती बसून काढते. आमच्या सांगली-मिरजेकडे एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी असते. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसच्या पुढे जाऊ नये म्हणून वर ओलं गोणपाट टाकावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा की नवा टब शिमग्याच्या सुमाराला मांडा. पुढचे तीन-चार महिने ऊब फुकट मिळते आणि माद्या लवकर लागतात. थांबणं शक्य नसेल तर टबाच्या एका बाजूला थर्मोस्टॅटवर चालणारी हीट मॅट लावा, पूर्ण तळाखाली नको. त्यांना गारव्याला सरकायला जागा हवी.

आता प्रत्यक्ष काम. बाल्कनीत किंवा अंगणात करा, मास्क आणि हातमोजे घालून. झुरळांच्या लेंड्या आणि काती यांची धूळ दम्याच्या माणसाला खरोखर त्रास देते, आणि वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांना पुढे ॲलर्जी जडते. घरात दम्याचा पेशंट असेल तर टब त्या खोलीत ठेवूच नका.

एक मोठा गुळगुळीत भिंतीचा प्लास्टिकचा टब घ्या, पूर्ण कोरडा आणि पुसलेला. वरच्या काठाला आतून चार बोटं रुंद व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. रेड रनरला आणि डुबियाला गुळगुळीत प्लास्टिक चढता येत नाही, लॉबस्टरला येतं; व्हॅसलीन तिच्यासाठी. मग जुन्या टबातला अंड्यांचा एक ट्रे उचला आणि या टबावर उभा धरून हलकेच झटका. चपळ रेड रनर लगेच खाली पडून कोपऱ्यांकडे धावतात. डुबिया ट्रेच्या खोबणीत घट्ट चिकटून राहतात. आता तो ट्रे उजेडात धरा आणि त्यातल्या फक्त प्रौढ डुबिया माद्या, एकेक करून, मऊ ब्रशने एका डब्यात सारा. चिमटा शक्यतो नकोच. मादीला दाबलं, घाबरवलं तर ती पोटातली अंड्यांची कुपी टाकून देते, आणि टाकलेल्या कुपीतून पिल्लं येत नाहीत.

या कुप्यांमुळे तुम्हाला टब वाचताही येतो, म्हणून नीट बघून ठेवा. तळाशी फिकट पिवळी, मऊसर, लांबट कुपी दिसली तर ती डुबिया मादीने टाकलेली, वाया गेलेली. काही वेळा मादीच्या शेपटाकडून तशीच पिवळी कुपी अर्धी बाहेर आलेली दिसते. ती बाहेर काढून, फिरवून पुन्हा आत ओढून घेते, तेव्हा तिला अजिबात हात लावू नका. गडद तपकिरी, टणक, एखाद्या दाण्यासारखी कुपी ट्रेच्या घडीत किंवा कोपऱ्यात दिसली तर ती रेड रनरची, किंवा घरातल्या मोठ्या झुरळाची. ती फुटणार आहे. नव्या टबात अशी एक जरी दिसली तरी समजायचं की गळती आहे.

किती माद्या घ्यायच्या? ३० मिळाल्या तर फार छान, सोबत आठ-दहा नर. एका फेरीत प्रत्येकीने वीसच पिल्लं दिली तरी सहाशे होतात, म्हणजे एका अरोवानाची कॉलनी उभी राहायला पुरे. तीस नसतील तर दहा घ्या, वेळ जास्त लागेल एवढंच. प्रौढ माद्या अगदीच कमी असतील तर मोठी पिल्लंही चालतील, दोन सेंटिमीटरच्या वरची, रुंद, ठिपक्यांची, जी हाताळली की पळण्याऐवजी आक्रसून बसतात. त्यांच्या ओळखीबद्दल शंका राहत नाही.

लहान पिल्लं मात्र घेऊ नका. तुम्हाला हे जड जाईल, कारण त्या टबात डुबियाची शेकडो पिल्लं असतील आणि ती माशाला घालताना जीव हळहळेल. पण पाच-सहा मिलिमीटरची असताना डुबिया आणि लॉबस्टर यांची पिल्लं बोटभर अंतरावरूनही सारखी दिसतात, दोन्ही तपकिरी, ठिपकेदार, चपटी. संध्याकाळच्या उजेडात शंभर पिल्लं निवडताना दोन-चार चुकणारच, आणि दोन-चार पुरतात. सुरिनामच्या बाबतीत तर एकच पुरतं. तिच्यात सहसा नर नसतोच. मादी नराशिवाय पिल्लं देते आणि ती पिल्लंही माद्याच असतात.

एखादं पिल्लू हवंच असेल तर काचेच्या ग्लासची परीक्षा आहे. ग्लास साबणाने धुऊन कोरडा करा, पिल्लू तळाशी सोडा आणि थोडा वेळ थांबा. लॉबस्टरच्या पायाच्या टोकाला चिकट गाद्या असतात, ती सरळ वर चढते. डुबिया तळाशीच पाय खरडत राहतं. पण काच मळकट किंवा ओली असेल तर डुबियालाही पकड मिळते, त्यामुळे परीक्षा खोटी ठरते. आणि लक्षात ठेवा, जे चढलं ते डुबिया नाही एवढंच ग्लास सांगतो. जे चढलं नाही ते डुबियाच आहे, असं तो सांगत नाही.

चाळणीबद्दल विचारलंत. वाळूची किंवा धान्याची चाळणी मी लेंड्या आणि बारीक पिल्लं मोठ्यांपासून वेगळी करायला वापरतो, जाती वेगळ्या करायला नाही. अर्ध्या वाढीची डुबिया आणि पूर्ण वाढीची लॉबस्टर एकाच भोकातून जातात. फ्रिजचंही बरेच जण सुचवतात: टब थोडा वेळ गार केला की सगळी सुस्त होतात आणि निवडणं सोपं जातं. खालच्या कप्प्यात दहा मिनिटं ठेवायला हरकत नाही, डबा घट्ट बंद असेल तर. पण माद्या पोटुशा असताना मी हा उपाय टाळतो. ट्रे झटकण्याची पद्धत पुरेशी आहे.

कीटकनाशकाचा विचार मनातही आणू नका. झुरळांचा खडू, जेल, स्प्रे यांतलं काहीही टबाच्या आसपास वापरलं तर चारही जाती जातील, आणि विष खाल्लेलं झुरळ माशाच्या तोंडात गेलं तर मासाही जाईल. खडूत आणि स्प्रेत जी पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात ती माशांना अत्यंत विषारी आहेत. स्वयंपाकघरात फिरणारी झुरळं पकडून खाऊ घालू नयेत, तेही याच कारणाने.

आता नवा टब. तळाला काहीही घालू नका. कोकोपीट नको, माती नको, भुसा नको. डुबियाला त्याची गरज नाही, आणि उघड्या तळावर एक परकी लेंडी, एक परकी कुपी, एक परकं पिल्लू लगेच नजरेस येतं. सुरिनामला बुडी मारायला जागाच राहत नाही. ट्रे कोरे आणा. आपल्या भागात पोल्ट्रीवाल्यांकडे अंड्यांच्या वापरलेल्या ट्रेचे ढीग पडलेले असतात आणि लोक ते सहज देतात, पण ते घेऊ नका. त्यांच्यावर कोंबडीची विष्ठा लागलेली असते आणि त्यातून साल्मोनेलासारखे जंतू येतात. कोऱ्या ट्रेचा गठ्ठा फार महाग नसतो. ट्रे उभे लावा म्हणजे घाण खाली पडते.

या पहिल्या नव्या टबात माद्या दोन आठवडे ठेवा आणि मग त्यांना पुन्हा एका दुसऱ्या, कोऱ्या टबात हलवा. काही जणांना हे जास्तीचं काम वाटतं, पण त्यातच या पद्धतीचा जीव आहे. निवडताना डोळ्याला चकवून आलेलं एखादं पिल्लू पहिल्या टबात मागे राहतं, आणि दुसऱ्या टबात जातात त्या फक्त पुन्हा एकदा तपासलेल्या माद्या. पहिल्या टबात त्या दोन आठवड्यांत पिल्लं झाली असतील तर ती वेगळी वाढू द्या. मोठी झाली की ओळखू येतील.

खाणं साधंच. गव्हाचा कोंडा, थोडी प्रथिनांसाठी माशांच्या खाद्याची पूड, गाजर, लाल भोपळा, संत्र्याची फोड. पाण्यासाठी उघडी वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात. गाजर आणि ओला कापूस पुरे, कापूस वरचेवर बदला. तासगाव-पलूसकडच्या मित्रांना एक खास विनंती: द्राक्षाची पानं आणि बागेतली गळलेली द्राक्षं झुरळांना घालू नका. हंगामात बागांवर फवारण्या सतत चालू असतात. परसातली न फवारलेली भाजी असेल तरच घाला.

नवा टब आणि जुना टब एका खोलीत ठेवू नका. जागेची अडचण असेल तर निदान एकावर एक ठेवू नका. ब्रश, चिमटा, कापूस, ट्रे सगळं वेगळं. रोजचं काम आधी नव्या टबात करायचं, मग जुन्यात. उलट कधीच नाही. जुन्या टबातून माशाला झुरळं काढली आणि त्याच हाताने नव्या टबात गाजर टाकलं, तर बाहीवर बसलेलं एक पिल्लू सगळं पुन्हा बिघडवायला पुरतं. टब पुन्हा मिसळल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत बहुतेक वेळा जुना ट्रे नव्या टबात गेलेला असतो.

लक्ष किती दिवस ठेवायचं? किमान तीन महिने. रेड रनरची कुपी उबेत चार-सहा आठवड्यांत फुटते, गारव्यात जास्त वेळ घेते, त्यामुळे महिनाभर काही दिसलं नाही म्हणजे सुटलो असं नाही. आठवड्यातून एकदा रात्री, दिवा न लावता, एकदम टॉर्च मारून झाकण उघडा. डुबिया थिजतील किंवा हळूच ट्रेखाली सरकतील. जे विजेसारखं पळेल त्याच्यावर नजर ठेवा. भिंतीवर झाकणाजवळ काही बसलेलं दिसलं तर ते डुबिया नाही; फार तर फडफडत वर गेलेला पंखवाला नर असेल, तेवढं तपासा.

तुम्हाला रेड रनरही हवी असेल, आणि ती वाईट नाही, लहान माशांना आणि पक्ष्यांच्या पिल्लांना मऊ पडते म्हणून बरेच जण मुद्दाम ठेवतात, तर तिच्या बाबतीत मादीऐवजी कुपी वेचा. प्रत्येक गडद कुपी वेगळ्या झाकणाच्या कपात ठेवा, हवेला बारीक भोकं ठेवा, आणि फुटल्यावर पिल्लं पुढून तांबूस दिसली तरच पुढे न्या. लॉबस्टर मात्र फ्लॅटमध्ये ठेवू नका असंच मी सगळ्यांना सांगतो.

आता कोंबड्या. सुरिनाम झुरळ हे कोंबडीच्या डोळ्यातल्या एका कृमीचं वाहन आहे, त्याचं नाव ऑक्सिस्पिरुरा मॅन्सोनी. हा कृमी कोंबडीच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली राहतो. त्याची अंडी अश्रूंच्या वाटेने घशात उतरतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा सुरिनाम खाते, तिच्या अंगात अळी वाढते, आणि कोंबडीने ते झुरळ टिपलं की अळी तिच्या घशातून वर चढून पुन्हा डोळ्यात जाऊन बसते. कोंबडी डोळा चोळत राहते, पाणी गळतं, दुखणं वाढलं तर दृष्टीही जाते. तुमच्या बंद टबातल्या झुरळांना कोंबडीची विष्ठा कधी मिळालीच नसेल तर ती या कृमीपासून मोकळी असणार. पण त्यातलं एक जरी निसटून खुराड्याच्या ओल्या तळात शिरलं, तर ते नराशिवाय वाढतं आणि पुढे या चक्राला जागा मिळते. म्हणून कोंबड्यांना घालायचीच असतील तर मोठ्या डुबिया घाला, तुमच्या समोर, एकेक टिपू देऊन. सुरिनाम जिवंत घालू नका.

कंपोस्टच्या खड्ड्याचं उत्तर मात्र स्पष्टपणे ‘नाही’ असंच आहे. उबदार, ओला, सडका पाला म्हणजे सुरिनामला आणि लॉबस्टरला हवी तीच जागा. सुरिनाम रोपांची मुळं कुरतडते, रोपवाटिकांमध्ये तिचा उपद्रव माहीत असलेला आहे. रेड रनर मूळची मध्य आशियाकडची, पण अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ती बाहेर सुटली आणि आता तिथल्या घरांभोवती, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यांत पक्की वस्ती करून आहे. आपल्या हवेत ती जगणार नाही असं धरून चालण्याला काहीही आधार नाही. उकिरडा, नाला, अजिंक्यताऱ्याचा उतार, नदीकाठ, कुठेच सोडू नका.

जुना टब माशाला घालून संपवा, त्यात घाई नाही, पण त्यात नवी भर घालू नका आणि कोकोपीट आधी बाहेर काढा. ते जाड पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवणं घरात चालत नसेल तर बादलीत घालून वरून उकळतं पाणी ओता, सगळं पूर्ण बुडेल इतकं, आणि गार होईपर्यंत झाकून ठेवा. ट्रेही त्याच पाण्यात बुडवा. कुपीचं कवच टणक असतं, पण उकळत्या पाण्यापुढे टिकत नाही. एवढं झाल्यावर त्या लेंड्या आणि कोकोपीट कुंड्यांना खत म्हणून खुशाल घाला. रिकामा टब साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, झाकणाच्या खाचा आणि हँडलच्या पोकळ जागा ब्रशने घासा. कुपी राहते ती तिथेच.

निवडताना एखाद्या झुरळाबद्दल शंका आली तर ते नव्या टबात न टाकता स्वच्छ ग्लासात ठेवा आणि दोन फोटो काढून पाठवा: एक वरून, डोक्यामागची ढाल स्पष्ट दिसेल असा, दुसरा बाजूने, पंख कुठपर्यंत पोचतात ते दिसेल असा. सोबत एखादं नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. पिल्लू असेल तर ग्लासात चढलं का तेही लिहा.